जलचक्राचे अध्यापन

समुद्र, हवा, जमीन आणि सजीव यांच्यामधून पाण्याचे जे अखंड अभिसरण चालते, त्याची ओळख मुलांना करून देणे. महाराष्ट्रात हा विषय प्राथमिक शाळेत परिसर अभ्यासात येतो आणि वरच्या इयत्तांत विज्ञान व भूगोलात विस्ताराने येतो. बाष्पीभवन, सांद्रीभवन आणि पर्जन्य ही नावे मुलांना चटकन पाठ होतात. कळायला मात्र वेळ लागतो.

खरी अडचण वाफेची, कारण ती दिसत नाही. उकळत्या किटलीच्या तोंडाशी किंचित जागा मोकळी दिसते. वाफ असते ती तिथे. त्यापुढचा पांढरा लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब असतात आणि ढगही अशाच थेंबांचे किंवा हिमकणांचे बनलेले असतात. पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही, हा समजही पक्का असतो. सावलीत वाळणारे कपडे दाखवले की तो डळमळू लागतो. बर्फ घातलेला स्टीलचा पेला बाहेरून ओला झाला की पाणी आतून पाझरले, असे मुले सांगतात. त्यांना चुकीचे ठरवण्याची घाई करू नये. आत कोकमाचे सरबत ओतून बाहेरचे थेंब बोटाने टिपायला लावावेत. थेंब बिनरंगी निघतात, म्हणजे ते आतले नव्हेत. मग आले कुठून, हे मुले स्वतःच विचारतात.

झरे आणि नद्या केवळ पावसावर चालतात, हे विद्वानांनाही फार काळ पटत नव्हते. समुद्राचे पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढते, असे मानले जाई. प्येर पेरो या फ्रेंच लेखकाने 1674 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सेन नदीच्या वरच्या खोऱ्यातील पावसाचा हिशेब मांडला. तो पाऊस तिथल्या नदीच्या वार्षिक प्रवाहाच्या सुमारे सहापट भरला.

जमिनीखालचा भाग शिकवताना सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. तांब्याभर पाणी शहाबादी फरशीवर आणि तेवढेच मोकळ्या मातीवर ओतावे. फरशीवरचे पसरते, वाहते आणि उरलेले उन्हाने उडून जाते; मातीतले बरेचसे खाली मुरते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत, म्हणून अनेक गावांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. हवेतील बाष्प सरासरी आठ-दहा दिवसांत पाऊस किंवा हिम होऊन खाली येते, तर खोल भूजल हजारो वर्षेही अडकून राहू शकते. ही वेगवेगळी गती गोल बाणांच्या चित्रात दिसत नाही.

मराठी मुलांसाठी कृष्णेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीला अडते, वर चढून थंड होते आणि महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आले की हजार मिलिमीटरही पडत नाही. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा मात्र पूर्वेकडे सुमारे 1400 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी एका समुद्रातून उठते आणि दुसऱ्यात पोहोचते.

कृष्णेची उपनदी कोयना हिच्यावरील धरणामुळे या मार्गात माणसाचा हात स्पष्ट दिसतो. धरणाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला नेऊन त्यावर वीज तयार होते. नंतर ते वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जाते. पाठ्यपुस्तकांतील बऱ्याच आकृत्यांत मात्र डोंगर, ढग, नदी आणि समुद्र एवढेच असते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 2022 मध्ये आपली आकृती नव्याने काढली, तेव्हा तीत शेती, शहरे, धरणे आणि भूजलाचा उपसा हे सर्व घेतले. आपल्या गावाची आकृती काढताना मुलांनीही बोअरवेल, टँकर, कालवा आणि सांडपाण्याचा नाला त्यात दाखवला पाहिजे.