हस्ताक्षर वाचणाऱ्यांची वंशावळ

सात-आठ इंचांचा टॅबलेट, त्यावर टेकवायचा पेन आणि मराठीत लिहिलेल्या ओळीचा तिथल्या तिथे टंकलिखित मजकूर करून देणारे सॉफ्टवेअर, एवढी सामग्री आज अमरावतीजवळच्या आमच्या बडनेऱ्यातही सहज मिळते. ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिणारा ग्रामसेवक, तोंडी आठवणी टिपून घेणारा अभ्यासक, वर्गात टिपणे काढणारी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, यांतल्या कुणालाही ती उपयोगी पडेल. प्रश्न पडतो तो निवडीचा. सॉफ्टवेअरे अनेक आहेत आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत मराठीचे नाव आहे. त्यांतले भरवशाचे कोणते? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर दुकानात शोधण्याआधी थोडे मागे जायला हवे. दुसऱ्याच्या हातचे अक्षर कुणी वाचायचे, कसे वाचायचे आणि त्यासाठी कुणी कुणाशी जुळवून घ्यायचे, हा झगडा या मुलखाला फार जुना आहे.

आपण बडनेऱ्याहून निघून, अमरावती ओलांडून, उत्तरेला रिद्धपूरला जाऊ. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच गावी म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन विचारायचे, ताडून पाहायचे आणि मग लिहायचे, ही म्हाइंभटांची रीत. पुढे आक्रमणांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. नंतरच्या काळात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध सकळ लिपी. मराठीच्या एका अक्षराऐवजी दुसरेच चिन्ह, अशी तिची घडण. किल्ली माहीत असलेल्यालाच ती वाचता यावी, हाच तिचा हेतू होता, आणि तो शतकानुशतके साधला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ती किल्ली आली आणि मराठीचे आद्य गद्य बाहेरच्या जगाला वाचता आले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की किल्ली उशिरा मिळाली, पण मिळाली तेव्हा पोथ्या जागेवर होत्या. लिहिलेला हात टिकला होता, म्हणून वाचन पुढे ढकलता आले.

मठाबाहेरच्या व्यवहारात मात्र दुसरीच लिपी चालत होती. मोडीचे जनकत्व परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे जाते, आणि शिवकाळात बाळाजी आवजी चिटणिसांनी तिला वळण दिले असे मानतात. वऱ्हाडातल्या पटवाऱ्यांची दप्तरे, देशमुख-देशपांड्यांची वतनपत्रे, सावकारांच्या वह्या या लिपीने भरल्या. मोडी लिहिताना लेखक आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे सोडत जाई. बोरू शक्यतो उचलायचाच नाही, म्हणून बाळबोध अक्षरांची वळणे बदलली, एका अक्षराचा शेवट पुढच्याच्या आरंभाशी जोडला गेला. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडून दिला. जे लेखकाने सोडले ते वाचकाने भरून काढायचे, हा या लिपीचा अलिखित करार होता. पत्राचा मायना कळला, गावाचे नाव कळले, विषय वसुलीचा की वाटणीचा हे कळले, की संदिग्ध अक्षर आपोआप उलगडत जाई. जुन्या मोडीवाचकांची खरी ताकद या संदर्भज्ञानात होती. आजच्या सॉफ्टवेअरमधले ‘भाषेचे प्रारूप’ हेच काम करते. अक्षर धूसर असले तर आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते. आपल्या मोडीवाचकांना या कुळाचे पूर्वज म्हणावे, असे मला मनापासून वाटते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला आणि कापसाच्या ओढीने रेल्वे इकडे वळली. भुसावळहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट बडनेऱ्यावरून जात १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अमरावती मुख्य मार्गापासून बाजूला राहिली, तिला फाटा मिळाला आणि बडनेरा जंक्शन झाले. रुळांबरोबर तारेचे खांब आले, आणि हस्ताक्षर वाचणारी एक नवीच जात जन्माला आली: तारबाबू. फॉर्मवर कुणीही, कसेही लिहावे. तारबाबूने ते डोळ्यांनी वाचून बोटांनी कट्ट-कडकट्ट करावे. त्या साखळीत हस्ताक्षर पहिल्याच टोकाला संपे. ते पलीकडेही पोचावे म्हणून अमेरिकेत एलिशा ग्रे याने १८८८ मध्ये टेलऑटोग्राफचे पेटंट घेतले. इकडे लेखणी फिरली की तारेच्या दुसऱ्या टोकाची लेखणी तशीच फिरे. पण त्या यंत्राला अक्षर ‘कळत’ नव्हते, ते फक्त हालचाल पोचवत होते. पोचवणे आणि कळणे यांतले अंतर कापायला पुढची सत्तर वर्षे लागली.

मधल्या काळात मराठीपुढे उलटा प्रश्न उभा राहिला. छापखान्यात देवनागरी जुळवायची म्हणजे शेकडो खिळे, जोडाक्षरांचे वेगळे, काना-मात्रांचे वेगळे. जुळाऱ्याचा हात खिळ्यांच्या खणांतून फिरून दमून जाई. विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला १८१० मध्ये मराठी कोश छापला तो मोडी टायपात, पण छपाईचा मुख्य प्रवाह बाळबोधीकडेच वळला, आणि विसाव्या शतकात मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून मावळत गेली. बाळबोधीवरही ताण आलाच. सावरकरांनी रत्नागिरीच्या वास्तव्यात अ-ची बाराखडी हिरिरीने मांडली. इ, उ, ए यांना स्वतंत्र चिन्हे कशाला, अ लाच वेलांट्या-उकार-मात्रा लावा, म्हणजे खिळे वाचतील. टंकयंत्राने तर तोडमोड केलीच. अर्धी अक्षरे, सुटे काने, मागे सरकून टाकलेले रफार. ‘मराठी तीस’ आणि ‘मराठी चाळीस’च्या परीक्षा देत कित्येक पिढ्यांनी आपली बोटे त्या कळपट्टीला सवयीची करून घेतली. यंत्रासाठी माणसाने वाकायचे, हा नियमच जणू ठरून गेला होता. तो अपरिहार्य नव्हता, हे पुढच्या इतिहासाने दाखवले.

यंत्राने हस्ताक्षर वाचण्याचा आरंभकाळातला एक देखणा प्रयोग अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. १९५७ मध्ये टी. एल. डायमंड याने ‘स्टायलेटर’ मांडला. पाटीवर दोन ठिपके, त्यांच्यापासून किरणांसारख्या निघालेल्या वाहक रेषा, आणि लिहिणाऱ्याने त्या ठिपक्यांभोवती आकडा काढायचा. पेनाची वाट कोणकोणत्या रेषांवरून जाते त्यावरून आकडा ओळखायचा. कल्पना साधी होती, पण तिच्यात एक मोठे बीज होते: अक्षराचे चित्र पाहण्याऐवजी अक्षर घडताना पाहायचे. १९६४ मध्ये रँड संस्थेची पाटी आली. दहा इंच लांब-रुंद पृष्ठाखाली सूक्ष्म तारांची जाळी, इंचाला शंभर रेषा, त्यामुळे पेन कुठे आहे ते क्षणोक्षणी यंत्राला कळे. तेव्हापासून या विद्येच्या दोन शाखा झाल्या. झालेल्या लिखाणाचे चित्र वाचणारी एक आणि चालत्या पेनाचा माग काढणारी दुसरी. आपल्या टॅबलेटचे सॉफ्टवेअर दुसऱ्या शाखेचे.

पुढचे वळण १९९३ सालचे. ॲपलचा न्यूटन हातात मावणारा संगणक म्हणून बाजारात आला. त्याचे अक्षरज्ञान मॉस्कोच्या स्तेपान पाचिकोव यांच्या पॅराग्राफ कंपनीकडून घेतलेले होते. तो शब्दकोशाच्या आधाराने सलग लिखाण वाचू पाही, आणि कोशाबाहेरचे नाव आले की भलताच शब्द पुढे करी. अमेरिकेतल्या व्यंगचित्रांतून त्याची भरपूर टवाळी झाली. पाम कंपनीच्या जेफ हॉकिन्स यांनी यातून वेगळा धडा घेतला. त्यांच्या ‘ग्राफिटी’त प्रत्येक रोमन अक्षर एका फटकाऱ्यात काढायचे, ए ची मधली आडवी रेघ गाळायची. १९९६ च्या पाम पायलटवर ही लिपी लाखो लोकांनी आनंदाने शिकून घेतली. एका फटकाऱ्याच्या कल्पनेवरून झेरॉक्सने १९९७ मध्ये दावा लावला, आणि २००३ पासून पामला ग्राफिटीची जागा दुसऱ्या पद्धतीला द्यावी लागली. मोडी आणि ग्राफिटी या दोघींनी लेखणी उचलणे टाळले, दोघींनी अक्षरांची मूळ रूपे मोडली. पण मोडी हाताच्या वेगासाठी घडली आणि ग्राफिटी यंत्राच्या मर्यादेसाठी. म्हणून एक सातशे वर्षे टिकली आणि दुसरी दहा वर्षांत विरली, असा माझा समज आहे.

देवनागरीची वाट आपल्याकडे निराळी चालली. सेठी आणि चटर्जी यांनी १९७६-७७ मध्ये हाताने सुटी लिहिलेली देवनागरी अंक-अक्षरे रेघांच्या तुकड्यांवरून ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी त्याच दशकात देवनागरी वाचनाचे काम सुरू केले. तिथेच मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी जिस्ट तंत्र घडवले, जे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये रुजले आणि ज्याने भारतीय लिप्यांना संगणकाच्या पडद्यावर मानाने बसवले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी कल्पिलेला सिंप्युटर २००४ मध्ये ‘अमिडा’ या नावाने विक्रीला आला. स्वस्त, पेनाने चालणारा, खेड्यातल्या माणसासाठी. तो बाजारात तगला नाही. त्याच शहरातल्या एचपीच्या प्रयोगशाळेने एक नामी तडजोड काढली: व्यंजनांच्या कळी पाटीवर छापायच्या आणि कळीवरच पेनाने काना, वेलांटी, मात्रा ओढायची. या तडजोडीमागे बाराखडीची जाण होती. अक्षर आणि त्याचा स्वर यांचे आपल्या मनातले नाते तिने तसेच ठेवले.

मग २०१५ चा एप्रिल. गूगलने अँड्रॉइडसाठी ८२ भाषांचे हस्तलेखन ॲप काढले आणि साध्या फोनवर बोटाने लिहिलेली मराठी मजकुरात उतरू लागली. तोवरची पद्धत रेघांचे तुकडे पाडून एकेक ओळखण्याची होती. २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केले की आता पेनाची अख्खी वाट वक्ररेषांच्या मालिकेत बसवून न्यूरल जाळ्याला एकत्र दिली जाते, आणि चुका २० ते ४० टक्क्यांनी घटल्या. २०२० पासून तेच तंत्र इतर ॲप बनवणाऱ्यांनाही खुले झाले. एका भाषेचे सुमारे २० एमबीचे प्रारूप एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेट लागत नाही.

आता आपण दुकानाशी परत येऊ शकतो, कारण कसोट्या या इतिहासानेच दिल्या आहेत. पहिली कसोटी शिरोरेषेची. मोडी लेखक रेघ आधी ओढी, बाळबोध लिहिणारे बहुतेक जण शब्द संपल्यावर ओढतात आणि हल्ली अनेक जण ओढतच नाहीत. पेनाचा माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ही उशिरा आलेली रेघ कुठे लावायची ते कळले पाहिजे. तिन्ही तऱ्हांनी एकच वाक्य लिहून पाहावे. काही सॉफ्टवेअरे शब्द संपला असे समजून रेघेच्या आधीच मजकूर ठोकून मोकळी होतात. त्यांत थांबण्याची मुदत वाढवता येत नसेल तर ती घेऊ नयेत.

दुसरी कसोटी आपल्याच गावाची. ‘बडनेऱ्याहून वऱ्हाडात’ एवढे लिहून बघा. मराठीतला हा डोळ्याच्या पापणीसारखा र हिंदीत नाही, आणि आत हिंदीचे प्रारूप असलेले, वर मराठीचे नाव लावलेले सॉफ्टवेअर इथे हमखास अडखळते. पापणी जाते आणि रफार डोक्यावर चढतो. पाठोपाठ ‘ॲप’, ‘कळवळा’ आणि मराठी वळणाचे ल आणि श लिहावेत. या अक्षरांची रूपे महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवून दिली आहेत, तेव्हा त्यांचा आग्रह धरण्यात काहीच गैर नाही. नंतर नात्यातली आणि शेजारच्या खेड्यांतली नावे लिहावीत. न्यूटनची फजिती नावांवरच झाली होती. दुरुस्त केलेले नाव पुढच्या वेळी लक्षात ठेवणारे सॉफ्टवेअर निवडावे. आणि हे सगळे टॅबलेटचे इंटरनेट बंद करून करावे, कारण ग्रामसभा भरते तिथे रेंज असेलच असे नाही.

तिसरी कसोटी माझ्या लेखी सर्वांत वरची आहे, आणि विक्रेता तिचा उल्लेखही करत नाही. मजकूर तयार झाल्यावर मूळ लिखाणाचे काय होते? कळफलकात बसवलेली बहुतेक हस्तलेखन-साधने अक्षर ओळखले की शाई पुसून टाकतात. निरोप धाडायला ते पुरे. पण आठवणी टिपायच्या, इतिवृत्त लिहायचे, वतनाची यादी उतरवायची असेल तर शाई आणि मजकूर दोन्ही जोडीने जपणारे वहीसारखे ॲपच घ्यावे. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या टॅबलेट पीसीने शाई हीच जपण्याची वस्तू मानली होती आणि ओळखलेले शब्द तिच्यासोबत ठेवले होते. ती दृष्टी योग्य होती. आजचे सॉफ्टवेअर ज्या शब्दाला चुकले तो पाच वर्षांनी येणारे अचूक वाचू शकेल, शाई शिल्लक असेल तर. मोडीच्या बाबतीत हे घडू लागले आहे. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी हस्तलिखितांच्या दोन हजारांवर प्रतिमांचा संच जमवून त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करणारे प्रारूप मांडले. पटवाऱ्याने सोडलेले ऱ्हस्व-दीर्घ यंत्र आता संदर्भावरून भरू पाहते आहे.

घेताना आणखी एक तपासून घ्यावे: वही बाहेर कशी निघते. शाईसकट पीडीएफ आणि युनिकोडमधला मजकूर, दोन्ही वेगवेगळे काढता आले पाहिजेत, आणि वर्गणी थांबवल्यावरही जुनी पाने उघडली पाहिजेत. पैसे मोजण्याआधी दोन पाने लिहून, ती बाहेर काढून, दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावीत.