उंदीर पडले की गाव उठायचं

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा आमच्या गल्लीतला एक पोरगा घरी आला. बी.ए. झालेला, दोन वर्षं पुण्यात एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडे फवारणीला होता, आता गावी परतलाय. म्हणाला, "काका, पेस्ट कंट्रोलचा धंदा टाकायचाय. पंप घेतलाय, गाडी आहे, औषधं कृषी केंद्रात मिळतात. स्टँडसमोर बोर्ड लावतो. तुमच्या पेपरात एक बातमी द्या ना." परवान्याचं विचारलं तर हसला. "झुरळं तर मारायचीत काका, त्याला कशाला परवाना?"

बातमी मी दिली नाही. त्याला बसवलं आणि दोन तास बोललो. बिचारा कंटाळला असणार. तेच इथे लिहितोय, कारण असे बोर्ड आता प्रत्येक तालुक्याला लागतायत आणि आपण सगळेच त्यांना घरात घेतो.

माझी आजी सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं. आढ्यावरून उंदीर खाली पडून तडफडून मेला, की माणसं भांडीकुंडी घेऊन रानात झोपड्या टाकायची. गाठीचा ताप यायच्या आत घर सोडायचं. हे तिला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. उंदराचा आणि गाठीचा काहीतरी संबंध आहे हे अडाणी माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सरकारला मात्र ते कळायला वेळ लागला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मग जे सुरू झालं ते म्हणजे आपल्याकडची पहिली मोठी सरकारी 'पेस्ट कंट्रोल' मोहीम म्हणा ना, फक्त मारायचं काय हेच माहीत नव्हतं. गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतलं, भिंतींना चुना मारला, लोकांचं सामान जाळलं. गटारं धुतल्यामुळे तिथले उंदीर उलट घराघरांत शिरले, असं नंतर अनेकांनी लिहून ठेवलंय. शहराची जवळपास निम्मी वस्ती पळाली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला (हो, तोच, जो कोरोनात आपल्यावर लावला). पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे सोजीर घरात, देवघरात, माजघरात घुसले. १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या घातल्या. हा इतिहास शाळेत सगळ्यांनी वाचलाय.

शाळेत जे सांगत नाहीत ते असं, की एवढं सगळं होऊन गेल्यावर, १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवेतून येतो. लोकांनी त्याची टरच उडवली. १९०५ नंतर मुंबईच्या प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिग घेऊन तपासलं. प्लेग झालेल्या घरात काही गिनीपिग उघडे ठेवले, काही पिसू आत जाणार नाही अशा बारीक जाळीत. उघडे मेले, जाळीतले वाचले. इतकी साधी गोष्ट. तोवर जाळलेल्या गाद्यांचा आणि उकरलेल्या जमिनींचा हिशेब कोणी दिला नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत देशात प्लेगने एक कोटीच्या आसपास माणसं नेली.

मुंबईत त्या काळापासून उंदीर मारणं हे पालिकेचं काम झालं. रात्रपाळीला बॅटरी आणि काठी घेऊन फिरणारे पालिकेचे कामगार आजही आहेत, एका रात्री तीस उंदरांचा हिशेब द्यावा लागतो. आपल्या धंद्याचे खरे पूर्वज ते.

मग आलं डीडीटी. पॉल म्युलरला त्याबद्दल १९४८ चं नोबेल मिळालं. १९५३ ला देशात मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा असा अंदाज होता. १९६५ पर्यंत आकडा एक लाखावर आला. लोकांना वाटलं, जिंकलो. डासांनी मात्र औषध पचवायला सुरुवात केली होती, फवारणीही ढिली पडली, आणि १९७६ ला मलेरियाचे रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. पोराला मी हे खास सांगितलं. तेच औषध, तेच प्रमाण, दर तीन महिन्यांनी मारत बसलास की ढेकूणसुद्धा तुला हसतील.

आमच्या लहानपणी घरोघरी गमॅक्सिनची पावडर असायची, आपण तिला सरसकट डीडीटीच म्हणायचो. आई धान्याच्या कोठीखाली टाकायची, आजी डोक्यातल्या उवांना लावायची. आता अंगावर काटा येतो. डीडीटी शेतीत १९८९ ला बंद झालं, गमॅक्सिन १९९७ ला.

१९९४ आठवतंय? मी तेव्हा शाळेत. किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष होत आलं होतं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामल्यात ऑगस्टमध्ये गाठीचा प्लेग निघाला, सप्टेंबरात सुरत पेटलं. भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहायला गेले, रिकाम्या घरांत धान्य तसंच राहिलं, उंदरांची चंगळ झाली. शाळेच्या भिंतीला पावडर मारलेली, तोंडाला रुमाल, आणि औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लिन संपलेलं. आजीने पेपर ऐकला आणि एवढंच विचारलं, "उंदीर पडलेत का?"

आता परवान्याचं. हा कायदा कुणा बाबूच्या डोक्यातून आलेला नाही. १९५८ मध्ये केरळात जहाजातून आलेल्या खाण्याच्या मालात पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक मिसळलं, शंभरावर माणसं मेली. चौकशी झाली, आणि दहा वर्षांनी, १९६८ ला, कीटकनाशक कायदा झाला. नियम १९७१ चे. त्या नियमांत पेस्ट कंट्रोलवाल्यालाही परवाना लागतो. त्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी, वर किमान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या सरकारी संस्थेचं. कृषी केंद्रातली बाटली कापसासाठी असते, तुमच्या स्वयंपाकघरासाठी नाही. २०१७ ला यवतमाळात फवारणी करता करता वीसहून जास्त माणसं गेली, ती उघड्या रानात. बंद खोलीत काय होईल याचा विचार करा.

आणि धान्यातल्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइड, आपल्याकडे सल्फास म्हणतात. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. पोत्याच्या आतल्या किड्यापर्यंत पोचतो, म्हणूनच ती एवढी चालते. पण तो फटीतून, माळवदातून, सामायिक भिंतीतूनही जातो. त्याला उतारा नाही. ही गोळी घरगुती वापरासाठी नाहीच, सरकारी यंत्रणा आणि मान्यता असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायची असा नियम आहे. आपल्याकडे ती कशी मिळते हे तुम्हालाही माहीत आहे.

हे सगळं मला इतकं पाठ का आहे, ते पोराला सांगितलं नाही. इथे सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका भुसार मालाच्या दुकानाला लागून, एकाच भिंतीच्या आड, एक कुटुंब भाड्याने राहायचं. रात्री दोन्ही लेकरांना उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखायला लागलं. सकाळपर्यंत धाकटं गेलं. अन्नातून विषबाधा, असं मला फोनवर सांगण्यात आलं. मी दोन कॉलमची बातमी दिली. शिळ्या भाताचा उल्लेखही केला, कारण कोणीतरी म्हणालं होतं. पुढे तीनेक वर्षांनी त्या दुकानातला एक हमाल चहाच्या टपरीवर सहज बोलून गेला, की त्या संध्याकाळी मालावर ताडपत्री टाकून गोळ्या ठेवल्या होत्या. ठेवणारा होता गावातलाच एक पोरगा, परवाना वगैरे काही नाही, शंभर रुपये घ्यायचा.

व्हिसेराचा अहवाल मी कधी पाहिला नाही. म्हणून गोळीनेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण भातानेच झालं असंही मला म्हणता येत नव्हतं, आणि मी ते छापलं होतं. ती बाई पुढे दोन-तीन वर्षं गावात होती. शेजारणी तिच्या हातचं खात नव्हत्या. हमालाचं ऐकल्यावर मी दुरुस्ती द्यायला हवी होती. नाही दिली. जुनी बातमी कोण वाचतंय, असं मनाला सांगितलं. तोवर ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं.

असो. पोरगा दोन तासांनी उठला तेव्हा तोंड पाडून म्हणाला, "म्हणजे माझं काही होत नाही." मी म्हटलं, तुझी बहीण बी.एस्सी. केमिस्ट्री आहे ना? तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देतेय. परवाना तिच्या नावावर काढा. मात्र नाव तिचं आणि काम तुझं असं नको, जिथे औषध जाईल तिथे ती हजर पाहिजे. वाळवीचं काम आयएस ६३१३ प्रमाणे करा, भिंतीच्या कडेने साधारण फुटाफुटावर भोकं पाडून, मोजून औषध सोडा. झुरळांना जेलचे ठिपके लावले तर घरभर फवारायची गरजच पडत नाही. गोळ्यांच्या कामाला तूर्त हात लावू नका, त्याची मान्यता वेगळी असते.

दुसऱ्या दिवशी बहीणच आली. हैदराबादच्या प्रशिक्षणाची माहिती प्रिंट काढून आणली होती, फी कुठून भरायची ते विचारायला. जाता जाता म्हणाली, "काका, बाबा सांगत होते, पूर्वी आपल्याकडे एक लेकरू गेलं होतं गोळ्यांनी. खरंय का?"

म्हणजे गावाला माहीत होतं. भाताचं फक्त माझ्या पेपरात होतं.

ते कुटुंब आता कुठे असतं कुणाला ठाऊक असेल तर नाव-गाव इथे कमेंटमध्ये टाकू नका. मला इनबॉक्सला कळवा. मला जाऊन भेटायचंय.