गुरुजी ट्रेनिंगला गेले म्हणजे नेमके कुठे गेले?

जिल्हा परिषदेच्या शाळेत एखाद्या दिवशी चारही वर्गांची पोरं एकाच खोलीत दाटीवाटीनं बसलेली दिसली की पारावर चर्चा सुरू होते. चौकशी केली तर उत्तर ठरलेलं, "सर ट्रेनिंगला गेलेत." हे ट्रेनिंग कसलं, किती दिवसांचं, त्याचा पगाराशी काही संबंध असतो का आणि तोवर पोरांचं काय, हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

नोकरीत असलेल्या शिक्षकांना जे शिकवलं जातं त्याला सरकारी भाषेत सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास असं प्रशिक्षण घ्यावं, असं म्हटलेलं आहे. दिवसाचे सहा तास धरले तर हे आठ-नऊ दिवस होतात. ऐकायला फार वाटत नाहीत. पण शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक असतात. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या बहुतेक शाळा याच हिशोबातल्या. दोघांचं सगळं प्रशिक्षण शाळेच्या दिवसात झालं, तर वर्षातले सोळा-सतरा दिवस एकच शिक्षक चार वर्ग सांभाळणार. कायद्यानं या वर्गांना वर्षाला २०० दिवस शाळा भरायला हवी. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं यांना त्याच कायद्यानं मोकळीक आहे, ती वेगळीच. शहरातल्या वीस शिक्षकांच्या शाळेत एक जण गेला तर कुणाला कळतही नाही. वस्तीवर मात्र अर्धी शाळा जाते.

प्रशिक्षण येतं कुठून

राज्याची मुख्य संस्था पुण्यात आहे, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. तिच्याखाली जिल्ह्यात 'डाएट' म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तालुक्याला गट साधन केंद्र आणि शेवटी आपल्या दहा-बारा शाळांचं केंद्र, ज्याचे केंद्रप्रमुख असतात. मोठं प्रशिक्षण असलं की आधी राज्यात काही जणांना शिकवतात, ते जिल्ह्यात येऊन दुसऱ्यांना शिकवतात, ते तालुक्यात तिसऱ्यांना. शिकवणाऱ्याला सुलभक किंवा तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणतात. बहुतेक वेळा तोही शिक्षकच असतो, म्हणजे त्याचाही वर्ग कुठंतरी रिकामा असतो.

ज्यांच्या शेताला कालव्याचं पाणी आहे त्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. धरणातून सोडताना पाणी भरपूर असतं, टेलच्या चारीला येईपर्यंत धार राहते. पुण्यात तीन दिवस जे करून दाखवलं, ते तालुक्याच्या हॉलमध्ये दीडशे शिक्षकांपुढं मोठ्या पडद्यावर वाचून दाखवलं जातं. शेतीशाळेत कृषी सहायक आपल्याला बांधावर उभं करून कीड दाखवतो, तेव्हा ती डोक्यात राहते. गुरुजींनाही तसंच कुणीतरी वर्गात, पोरांसमोर दाखवायला पाहिजे. महिन्याला केंद्रात जी शिक्षण परिषद होते ती त्यातल्या त्यात या कामाची आहे, कारण जवळच्या शाळेत असते आणि एकमेकांच्या अडचणी सगळ्यांना माहीत असतात. पण तिथंही निम्मा वेळ माहिती भरण्यात आणि सूचना ऐकण्यात गेला तर उपयोग नाही.

दुसरा मार्ग मोबाईलचा. केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. २०१९ मध्ये 'निष्ठा' नावाचं प्रशिक्षण आलं, देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी. कोरोना आल्यावर २०२० पासून तेही दीक्षावर गेलं. व्हिडिओ पाहायचे, मजकूर वाचायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र फोनमध्ये येतं. यात वर्ग बुडत नाही, ही चांगली गोष्ट. मात्र व्हिडिओ चालू ठेवून फोन बाजूला ठेवला तरी मिनिटं पुढं सरकतात, हेही शिक्षक खासगीत हसत हसत सांगतात. शिवाय अजून कितीतरी वस्त्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते.

पगाराशी संबंध आहे का?

काही प्रशिक्षणांचा आहे. राज्यात शिक्षकाला १२ वर्षं सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळू शकते. निवड श्रेणी सरसकट सगळ्यांना मिळत नाही. पण दोन्हींसाठी ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यामुळे असं प्रशिक्षण लागलं की कुणी चुकवत नाही आणि त्यात त्यांचं काही वावगंही नाही. टीईटी मात्र प्रशिक्षण नव्हे, ती परीक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर नोकरीतले कितीतरी शिक्षकही तिचा अभ्यास करताना दिसतात, म्हणून गावात दोन्हींची सरमिसळ होते.

काही शिक्षक स्वतःहून शिकतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.एड. त्यासाठी ओळखला जातो. डी.एड. आणि पदवी झालेले आपले गुरुजी आणि बाई नोकरी सांभाळून तो करतात, तासांना सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जातात. फी स्वतःची, एसटीचं भाडं स्वतःचं. इथं श्रेयांक हा शब्द कानावर येतो, इंग्रजीत क्रेडिट. विद्यापीठाच्या हिशोबात साधारण १५ तास वर्गात बसून शिकलं की एक श्रेयांक. डेअरीच्या कार्डावर रोजचे लिटर चढतात तसे हे जमा होत जातात आणि ठरलेला आकडा भरला की पदवी.

अमेरिकेत शिक्षकांचं काही प्रशिक्षण याच श्रेयांकांवर चालतं, काही वेळा शनिवार-रविवारीही. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी संपणारी कार्यशाळा केली की विद्यापीठाचा एक श्रेयांक खात्यावर पडतो. तिथं शिक्षकाचा परवाना ठरावीक वर्षांनी टिकवावा लागतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात दर पाच वर्षांत सहा श्रेयांक किंवा १८० तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. बऱ्याच ठिकाणी पगाराच्या तक्त्यात खाली सरकलं की नोकरीची वर्षं आणि आडवं सरकलं की जादा श्रेयांक, दोन्हींनी पगार वाढतो. शनिवार-रविवारच्या अशा कार्यशाळेसाठी वर्ग रिकामा ठेवावा लागत नाही. त्यातली खोट अशी की फी बहुतेकदा शिक्षकाच्याच खिशातून जाते आणि सोपा विषय निवडून नुसते आकडे भरायची सोयही राहते, मग त्याचा वर्गाला उपयोग असो वा नसो.

तसंच इथं करा, असं म्हणणं सोपं आहे. पण आपल्याकडं शनिवारी सकाळची शाळा असते, उरतो एक रविवार. तालुक्याहून रोज येणाऱ्या बाईंना घरचं सगळं त्याच दिवशी उरकायचं असतं. तो रविवारही फुकटात मागायचा आणि बदल्यात ना सुट्टी ना श्रेयांक, हे न्यायाचं नाही. रविवारी बोलवायचं तर बदली सुट्टी द्या, प्रवासभत्ता वेळेवर द्या, तास कुठंतरी मोजले जाऊ द्या. आणि दोन शिक्षकांच्या शाळेतल्या दोघांना एकाच टप्प्यात बोलावू नका, एवढं तर आजही एका आदेशात होण्यासारखं आहे.

पालकांनी काय विचारावं

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे. बैठकीत सही करून चहा पिऊन उठण्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. प्रशिक्षण कोणत्या तारखांना आहे आणि त्या दिवशी वर्ग कोण घेणार? दुसरं, तिथं काय शिकलात?

हा दुसरा प्रश्न टोमणा मारल्यासारखा विचारू नये. 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक पोराला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्याच्या प्रशिक्षणाचा परिणाम घरीही दिसतो. हातच्याची वजाबाकी शिकवताना गुरुजींनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले असतील, तर पोरगं बाजरी निवडतानाही तसे गठ्ठे मांडतं. वहीत नुसती फळ्यावरची उत्तरं उतरवलेली असतील तर तेही कळतं.

प्रशिक्षणाला जाताना शिक्षक शाळेच्या हालचाल रजिस्टरमध्ये नोंद करतात आणि सोबत आदेशाची प्रत असते. दोन्ही समितीच्या बैठकीत मागून पाहता येतात.