जात्यापासून लिफ्टपर्यंत : आपल्या वजनाचा पन्नास वर्षांचा इतिहास



'तत्त्वज्ञानाच्या माणसानं वजनावर काय बोलायचं?' असं मागच्या वेळी एका श्रोत्यानं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी वर्गात अॅरिस्टॉटलचं नीतिशास्त्र शिकवत होतो. त्यात तो म्हणतो की, जन्मजात व्यंगाबद्दल आपण कुणाला दोष देत नाही, पण व्यायाम न केल्यामुळे, हयगयीमुळे शरीर बिघडलं तर देतो. म्हणजे शरीराचे काही दोष 'ऐच्छिक' असतात. हे समजावताना मी सहज बोलून गेलो, 'आता लठ्ठपणाच घ्या.' वर्गात हशा पिकला. शेवटच्या बाकावरची एक विद्यार्थिनी मात्र हसली नाही, आणि नंतर ती माझ्या तासाला कधी बसलीही नाही. लठ्ठपणा खरोखर ऐच्छिक असतो का, हे मी तेव्हा तपासलं नव्हतं. आज तो हिशेब करू.

सुरुवात १९७२ पासून करतो. आपल्याकडे त्या वर्षी दुष्काळ होता. माझ्या पिढीला खडी फोडायची कामं आठवतील, सुकडी आठवेल, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आठवेल. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी बजाजची चेतक स्कूटर आली. आणि त्याच वर्षी अमेरिकेत अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं वजन भागिले उंचीचा वर्ग या जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. हे सूत्र मूळचं बेल्जियमच्या केटले यांचं, १८३० च्या दशकातलं. ते 'सरासरी माणूस' शोधत होते, कुणा एकाचा आजार नव्हे. कीज यांची आकडेमोडही पुरुषांच्या मोजमापांवर होती. आज तोच आकडा दवाखान्यात प्रत्येक बाईला ऐकवला जातो, हे ध्यानात ठेवा.

आता घरात या. माझी आई पहाटे जात्यावर बसायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढं दळण होतं, म्हणून एवढ्या ओव्या झाल्या. मग गावात गिरणी आली. पाट्या-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला, आडाच्या जागी नळ, चुलीच्या जागी सिलिंडर, धुणं बडवायच्या जागी वॉशिंग मशीन. यातलं एकेक काम तासा-अर्ध्या तासाचं. ती सगळी गेली, आणि जायलाच हवी होती. 'पूर्वीच्या बायका किती काटक होत्या!' असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो, माझी आई काटक नव्हती, उपाशी होती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपल्यात उरलेलं ती खायची.

रस्त्यावरही तेच झालं. पुणं सायकलींचं शहर होतं. प्राध्यापक, कारकून, कामगार, सगळे सायकलवर. मग स्कूटर आली, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. १९९१ नंतर वाट बघणं संपलं. दुचाक्या वाढल्या, चारचाक्या वाढल्या आणि सायकल चालवणं हा जिवाशी खेळ झाला. वाड्यांच्या जागी लिफ्टच्या इमारती आल्या. फुटपाथवर गाड्या उभ्या राहिल्या. आता मला सांगा, सत्तरीच्या माणसानं चालायचं ठरवलं तर चालायचं कुठे?

ताटाचंही तसंच. ज्वारी-बाजरीचं राज्य आपलं. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं. १९९० च्या दशकात खाद्यतेलाच्या आयातीवरचे निर्बंध सैल झाले, आणि आज आपण वापरतो त्यातलं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं. वाटीनं मोजून वापरायचं तेल पिशवीनं येऊ लागलं. सणाचं तळण रोजचं झालं. फरसाण आणि बिस्किटं पाहुण्यांसाठी डब्यात जपून ठेवायची वस्तू होती. ती आता टीव्हीसमोरची वस्तू आहे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशातल्या १२.६ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पुरुषांचं प्रमाण ९.३ वरून २२.९ टक्क्यांवर गेलं. मंडळी, पंधरा वर्षांत कोट्यवधी माणसं एकाएकी आळशी होत नाहीत. स्वभाव तोच राहिला. परिस्थिती बदलली. आणि त्याच शेवटच्या पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर कृशही होत्या. एकाच देशात, पुष्कळदा एकाच गल्लीत, दोन्ही.

इथे पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून झालेलं एक काम सांगायला हवं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडातल्या बाळांपेक्षा खूपच कमी. पण या किडकिडीत बाळांत स्नायू कमी होते आणि चरबी त्या मानानं टिकून होती. २००४ साली याज्ञिकांनी आपला आणि इंग्लंडातले सहकारी युडकिन यांचा फोटो प्रसिद्ध केला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे आईच्या पोटात असताना टंचाई भोगलेलं शरीर पुढे सुबत्तेला सामोरं जातं, तेव्हा त्याची सुरुवातच वेगळी असते. आता सांगा, आईच्या उपासमारीला मुलाची 'इच्छा' म्हणायचं का?

चरकसंहितेत आठ 'निंदित' शरीरांची यादी आहे. त्यात अतिस्थूल आहे, अतिकृशही आहे. चरक स्थूलपणाची कारणं देतात : जास्त खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं. आणि यादीच्या शेवटी 'बीजस्वभाव' हा शब्द येतो, म्हणजे जन्मतः आलेलं. 'निंदित' म्हणतानाही वैद्यानं सगळा दोष माणसावर टाकला नाही. मी वर्गात तेवढंही केलं नव्हतं.

मग माणसाच्या हाती काहीच नाही का? आहे. मी स्वतः दोन जिने चढतो, रात्रीचं जेवण लवकर घेतो. पण मला पेन्शन आहे, वेळ आहे, घराजवळ बाग आहे. दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या, घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईला 'थोडं चाला' म्हणणं सोपं आहे. अॅरिस्टॉटलच्या अथेन्समध्येही व्यायामशाळेत जायला सवड लागायची, आणि ती सवड गुलामांच्या आणि बायकांच्या कष्टावर उभी होती. जिथे पर्याय असतो, तिथेच ऐच्छिक या शब्दाला अर्थ येतो. म्हणून मोकळा फुटपाथ, शाळेला मैदान, सुरक्षित सायकलमार्ग हे माझ्या मते नीतिशास्त्राचेही विषय आहेत. नगरसेवक मतं मागायला येईल तेव्हा हे विचारा.

आणि घरी एवढं करा. लग्नसमारंभात भेटलेल्या भाचीला पहिलं वाक्य 'जाड झालीस गं' असं म्हणू नका. त्या विद्यार्थिनीची माफी मागायचं माझं राहून गेलं. ती हे ऐकत असेल, तर आज मागतो.