बारामतीचा पंडित, सोलापूरचा शाहीर

पेशवाईच्या उत्तरार्धात तमाशाचा फड, म्हणजे शाहीर, नाच्या आणि साथीदारांचा संच, देशावर जेवढा लोकप्रिय होता तेवढाच तो शिष्टांच्या लेखी हलका मानला जाई. सोलापूरचा राम जोशी ब्राह्मण घरात जन्मून, संस्कृतात तरबेज असूनही याच फडात उतरला, आणि डफ-तुणतुण्यावर त्याची लावणी सुरू होऊन झीलकऱ्यांनी, म्हणजे ध्रुपद उंच स्वरात लांबवणाऱ्या साथीदारांनी, सूर धरला की श्रोते भान विसरत. सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या वाटेवर इंदापूर लागते. तिथून पश्चिमेला कऱ्हाकाठी बारामतीत, नाईकांच्या आश्रयाला, आर्या या मात्रावृत्तात भारतकथा रचणारे मोरोपंत (१७२९–१७९४) राहत. मराठीतला हा सर्वांत पंडिती कवी या शाहिराचा चाहता झाला, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे. पंतांनी त्याला ‘कविप्रवर’ म्हणून गौरविले आणि कीर्तनाकडे वळवले, असे परंपरा सांगते. पुढे राम जोशीने पंतांच्या आर्या कीर्तनात रंगवून गावोगाव पोचवल्या, हे मात्र निश्चित. पोथीतली जड आर्या सामान्यांच्या ओठी बसली ती फडावर घासलेल्या गळ्यामुळे, आणि पंतांच्या कीर्तीचे हे ऋण अभ्यासकांनी अधिक मोकळेपणाने मान्य करायला हवे. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला, जयराम शिलेदारांनी ती भूमिका केली, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या या शाहिराला नवे चाहते मिळाले.