एक्स-रे मशीन बंद पडलं तेव्हा

विमानतळावरच्या तपासणीबद्दल दोन तऱ्हेच्या तक्रारी ऐकू येतात. एक म्हणतो, रांगेत पाऊण तास गेला, पट्टा काढायला लावला, आईने दिलेलं लोणचं ठेवून घेतलं. दुसरा हसत सांगतो, अहो, माझ्या बॅगेत कात्री राहिली होती, कुणाला दिसलीच नाही! पहिल्यावर आपण तावातावाने बोलतो, दुसरी गंमत म्हणून सोडून देतो. माझ्या मते काळजी दुसरीची करायला हवी. का, ते कळायला १९८५ साली जावं लागेल.

त्याआधी आपल्याकडे काय होतं ते थोडक्यात. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ हे विमान दोघांनी लाहोरला पळवलं. हातात काय, तर खोटं पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब. १९७६ मध्ये दिल्ली-मुंबई विमानही लाहोरलाच गेलं. मग पांडे समिती नेमली गेली आणि जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा विभाग सुरू झाला, तोही डीजीसीएच्या एका कोपऱ्यात. तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात धोका एकच : पिस्तूल घेऊन आत शिरणारा माणूस. बॅग आत जाते आणि माणूस बाहेरच राहतो, हे फारसं कुणाच्या हिशेबात नव्हतं.

२२ जून १९८५. कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर ‘एम. सिंग’ नावाने एक प्रवासी काउंटरवर आला. टोरंटोपासून पुढे एअर इंडियाचं त्याचं तिकीट पक्कं नव्हतं, तरी बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवा असा हट्ट. काउंटरवरच्या बाईंनी आधी नकार दिला. मागे रांग वाढत होती, हा हटेना. शेवटी त्यांनी टॅग लावला. बॅग गेली, माणूस विमानात चढलाच नाही.

टोरंटोला सामान तपासायला एक्स-रे मशीन होतं. दुपारी पावणेपाचच्या सुमारास ते बंद पडलं. पर्यायी मशीन नव्हतं. उरलेल्या बॅगा खासगी कंपनीच्या रखवालदारांनी ‘पीडी-४’ नावाच्या हातातल्या यंत्राने हुंगून बघितल्या. याच यंत्राची त्याच विमानतळावर जानेवारीत चाचणी झाली होती. दारूगोळा इंचभर अंतरावर आणल्याशिवाय ते ओळखत नव्हतं, आणि यावर विसंबू नका असं कॅनडाच्या पोलिसांनी सांगितलं होतं. त्या दिवशी एका मरून रंगाच्या बॅगेजवळ यंत्र हलकंसं वाजलं. पण रखवालदारांना काडी पेटवून दाखवताना ते जोरात वाजलं होतं, हे तसं वाजलं नाही. बॅग पुढे गेली. एअर इंडियाच्या माणसांपर्यंत ही गोष्ट पोचलीसुद्धा नाही. बॉम्ब त्याच बॅगेत होता हे सिद्ध झालेलं नाही. तपासणी कशी चालली होती, ते मात्र एवढ्यावरून कळतं.

पोलिसांची स्फोटकं हुंगणारी कुत्री त्या दिवशी प्रशिक्षणासाठी व्हँकुव्हरला गेली होती. मॉन्ट्रियलच्या मिराबेल विमानतळावर संशयित तीन बॅगा उतरवून घेतल्या. तिथला कुत्रा आणि त्याचा हवालदार पोचले तोवर विमान उडालं होतं.

आणि इशारा नव्हता असंही नाही. १ जूनलाच एअर इंडियाच्या मुंबई कार्यालयातून टेलेक्स गेला होता : सामानात टाइमबॉम्ब ठेवण्याचा प्रयत्न होऊ शकतो, दक्ष राहा.

२३ जूनला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ३१ हजार फुटांवर ‘कनिष्क’ फुटलं. लंडन, दिल्ली करत मुंबईला यायचं होतं ते. ३२९ माणसं गेली. साधारण तासभर आधी, त्याच कटातली दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले.

यातून आपल्याकडे काय बदललं? १ एप्रिल १९८७ पासून बीसीएएस हे स्वतंत्र खातं झालं. विमानाच्या शिडीजवळ उन्हात मांडलेल्या बॅगांतून आपली बॅग ओळखून दाखवायची पद्धत पन्नाशीतल्या मंडळींना आठवत असेल. तेव्हा कटकट वाटायची, पण मालक नसलेली बॅग मागे राहावी हाच तिचा हेतू. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून आयसी-८१४ पळवलं गेलं, आणि ३ फेब्रुवारी २००० ला जयपूरपासून विमानतळ राज्य पोलिसांकडून सीआयएसएफकडे जायला लागले. हातातल्या बॅगेच्या टॅगवरचा तो शिक्का मुंबईत २०१७ च्या एप्रिलमध्ये बंद झाला. त्याची उणीव कुणाला भासल्याचं ऐकलं नाही.

रांग किती लांब होती यावरून तपासणीचा दर्जा कळत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये सरकारच्याच माणसांनी नकली शस्त्रं आणि स्फोटकं घेऊन विमानतळांवर गुपचूप चाचण्या केल्या. ७० पैकी ६७ वेळा माल आत गेला. बातमी फुटली आणि त्या खात्याच्या प्रभारी प्रमुखाला पदावरून हलवलं गेलं. आपल्याकडेही अशा डमी चाचण्या होतात. मशीन बंद पडल्यावर पर्यायी काय असतं, स्क्रीनसमोर बसलेल्या जवानाची पाळी किती वेळाने बदलते, नकली बॉम्बच्या किती बॅगा पकडल्या जातात, हे खासदारांनी संसदेत विचारायला हवं. बारकावे गुप्त ठेवा, पण ७० पैकी किती, एवढा आकडा तरी सांगा.