स्टेशनापासून स्टेडियमपर्यंत

घरापासून हजार-दीड हजार मैलांवरच्या विद्यापीठात शिकायला निघालेल्या अमेरिकन मुलीच्या खोलीत जुलै महिन्यात डोकावले, तर पुस्तकांच्या आधी कपड्यांचे ढीग दिसण्याचा संभव बराच असतो. पहिल्या दिवसासाठी साधा टी-शर्ट, तिसऱ्या दिवसासाठी फुलाफुलांचा झगा, शेवटच्या संध्याकाळसाठी त्याहून भारी काहीतरी, आणि प्रत्येकावर कोणते कानातले, कोणते सँडल याचा फोनमध्ये टिपून ठेवलेला हिशेब. ही तयारी सोरॉरिटीत प्रवेश मिळवण्याची असते. सोरॉरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाने चालणारे विद्यार्थिनींचे मंडळ: त्याचे स्वतःचे घर, स्वतःचा बिल्ला, बाहेर न सांगायचे विधी आणि एकदा मिळाले की जन्मभराचे सभासदत्व. नव्या मुली निवडण्याच्या सोहळ्याला कागदोपत्री ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात, बोलण्यात मात्र अजून ‘रश’च. रश म्हणजे घाई, धावपळ. ती आज नवख्या मुलीची असते. पण आपण या प्रथेचा माग काढत गेलो, की ध्यानात येते ते असे की आरंभीच्या काळात ही धावपळ मुलीची नव्हतीच; ती मंडळांची होती.

ग्रीक अक्षरे लावून गुप्त मंडळ काढण्याची कल्पना पुरुषांची, आणि ती अमेरिकन स्वातंत्र्याच्या वयाची. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ स्थापन केले. पुढे ते गुणवंतांच्या सन्मानाचे मंडळ झाले आणि दोस्तीयारीचा धागा न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजने उचलला; तिथे १८२५ आणि १८२७ साली निघालेल्या तीन मंडळांना आजच्या फ्रॅटर्निट्यांचे, म्हणजे मुलग्यांच्या अशा मंडळांचे, पूर्वज मानतात. मुलींच्या बाजूचा आरंभ मात्र सहसा विसरला जातो. जॉर्जियातल्या मेकन गावी मुलींच्या वेस्लियन फीमेल कॉलेजात १८५१ साली ‘अॅडेल्फियन सोसायटी’ आणि पुढच्याच वर्षी ‘फिलोमॅथियन सोसायटी’ निघाली. त्या वाङ्मयीन मंडळांच्या धाटणीच्या होत्या, आणि ग्रीक अक्षरांची नावे त्यांना विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाली. आज त्या ‘अल्फा डेल्टा पाय’ आणि ‘फाय म्यू’ म्हणून ओळखल्या जातात.

खरे वळण आले ते मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाने. यादवी युद्ध संपल्यावर मध्य-पश्चिमेतल्या अनेक कॉलेजांनी मुलींना दारे उघडली, पण आत आलेल्या मूठभर मुलींना वर्गात कोणी फारसे विचारीत नसे. इलिनॉयमधल्या मॉनमथ गावी २८ एप्रिल १८६७ रोजी बारा मुली एका घरातल्या भाड्याच्या खोलीत जमल्या आणि त्यांनी ‘आय. सी. सोरोसिस’ नावाचे मंडळ काढले. तेच पुढे ‘पाय बीटा फाय’ झाले. इंडियानातल्या ग्रीनकॅसलला अॅस्बरी विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकांची मुलगी बेटी लॉक शिकत होती. तिच्याविषयी एक कथा सांगतात. एका फ्रॅटर्निटीतल्या मुलाने तिला आपला बिल्ला लावायला दिला. मंडळात रीतसर घेणार असाल तर लावते, शोभेसाठी नाही, असे तिने सांगितले. तेवढे करायला मुले तयार नव्हती. मग २७ जानेवारी १८७० रोजी तिने तीन मैत्रिणींसह स्वतःचेच मंडळ काढले: ‘कॅपा अल्फा थीटा’. आरंभापासून ग्रीक अक्षरे धारण करणारे मुलींचे हे पहिले मंडळ. कथेला मागाहून थोडी झिलई चढली असेल. पण बाहेर ठेवलेल्यांनी आपले घर बांधले, हा तिचा गाभा खरा आहे.

मागोमाग सिराक्यूज विद्यापीठात १८७२ साली ‘अल्फा फाय’ आणि १८७४ साली ‘गॅमा फाय बीटा’ आले. १८८६ साली अल्फा फायच्या मुलींनी सिराक्यूजमध्ये मंडळासाठी स्वतःचे घर बांधले. त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई अमेरिकेला पोहोचल्या. रमाबाईंचा ज्यांच्याशी तिथे स्नेह जुळला त्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सेस विलार्ड अल्फा फायच्याच सभासद होत्या. अमेरिकन बायका एकत्र येऊन संस्था कशा उभ्या करतात याचे रमाबाईंना वाटलेले अप्रूप त्यांच्या १८८९ च्या प्रवासवृत्तात दिसते. त्या बायकांतल्या काही जणी संघटनेचा पहिला धडा कॉलेजातल्या अशा मंडळांत गिरवून आल्या होत्या.

मंडळे वाढली तशी त्यांच्यात चढाओढ लागली. सत्र सुरू होताना नवी मुले ज्या गाडीने येत, तिला गाठायला मंडळांचे सभासद स्टेशनावर जाऊन उभे राहत, सामान उचलत, आणि दुसरे कोणी गाठायच्या आत बिल्ला लावून मोकळे होत. ‘रश’ हे नाव इथून पडले, असे सांगतात. आलेल्या मुलीला तयारी कसली करायची असणार! कॉलेजात नाव घालण्यापूर्वीच तिला बांधून घेतले जाई. अखेर २४ मे १९०२ रोजी सात मंडळांच्या प्रतिनिधी शिकागोत जमल्या. आजच्या ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’चा तो आरंभ. आज तिच्यात २६ सोरॉरिट्या आहेत. तिच्या आरंभीच्या करारांचा विषय हाच होता: नाव नोंदवून झाल्याशिवाय मुलीला शब्द द्यायला लावायचे नाही.

घाईला असा लगाम बसल्यावर तिची जागा वेळापत्रकाने घेतली. ठरावीक दिवस, ठरावीक घरे, प्रत्येक फेरीनंतर दोन्ही बाजूंनी गाळणी. १९२८ साली पसंतीक्रमाची पद्धत आली: शेवटच्या फेरीनंतर मुलीने आपली पसंती गुप्तपणे लिहायची, मंडळांनी आपापली यादी द्यायची, आणि त्रयस्थाने दोन्ही जुळवायच्या. हा प्रकार आपल्याकडच्या पाहण्याच्या कार्यक्रमासारखा वाटला, तर तसे वाटणारे आपण पहिले नव्हे. स्थळे जुळवण्याचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली मांडले, आणि त्या परंपरेतले अॅल्विन रॉथ यांनी सुझन माँगेल यांच्यासह १९९१ साली सोरॉरिटीच्या रशवरच शोधनिबंध लिहिला. निष्कर्ष गमतीचा होता. सर्वांनी आपली पसंती मनापासून पूर्ण लिहिली, तर ही पद्धत अनेकदा अडकून बसेल. ती टिकली, कारण बहुतेक मुली हिशेबीपणाने एकच नाव लिहीत. रॉथ यांना शॅप्ली यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

गाळणी आली की गाळले जाणारेही आले. ज्या मंडळांचा जन्म बाहेर ठेवले गेल्यातून झाला, त्यांनीच पुढे दारे लावून घेतली, ही या इतिहासातली सर्वांत बोचरी गोष्ट. ज्यू मुलींनी १९०९ साली न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजात ‘अल्फा एप्सिलॉन फाय’ काढले, कॅथलिक मुलींनी १९१२ साली मिशिगनमध्ये ‘थीटा फाय अल्फा’. कृष्णवर्णीय मुलींच्या ‘अल्फा कॅपा अल्फा’चा जन्म १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात झाला, कमला हॅरिस याच मंडळाच्या. १९१३ च्या जानेवारीत तिथेच निघालेल्या ‘डेल्टा सिग्मा थीटा’च्या मुली मार्चमध्ये मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. कृष्णवर्णीय मुलींच्या या मंडळांची रीत निराळी आहे. तिथे दारोदार फेऱ्या नसतात. मुलीने मंडळाचा इतिहास अभ्यासायचा, काम करायचे, आणि आपल्या इच्छेचा गवगवा करायचा नाही. पारंपरिक मंडळांच्या गाळणीवरून उठलेल्या वादांपायी स्टॅनफर्डच्या विश्वस्तांनी तर १९४४ साली सोरॉरिट्याच बंद केल्या. त्या परतल्या सत्तरीच्या दशकाच्या शेवटी.

दक्षिणेत मात्र प्रथा घट्ट रुजली, आणि तयारीचे ओझे मुलीकडे सरकले ते मुख्यतः तिथे. मंडळापुढे नाव जायचे तर माजी सभासदाचे शिफारसपत्र लागे, आणि तेही प्रत्येक मंडळासाठी वेगळ्या बाईचे. छायाचित्र, गुणपत्रक, चर्चमधले आणि शाळेतले काम यांची पाकिटे करून आया गावातल्या ओळखीच्या बायकांकडे पाठवीत. जिची आई किंवा आजी त्याच मंडळाची, तिला निम्मा रस्ता मोकळा. दूरच्या राज्यातून आलेल्या, कोणी ओळखीचे नसलेल्या मुलीने ही पत्रे आणायची कुठून? अलाबामा विद्यापीठात १९६३ साली गव्हर्नर वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला दारात उभे राहिले आणि तरीही ते विद्यार्थी आत गेले. पण तिथल्या पारंपरिक गोऱ्या सोरॉरिट्यांची दारे त्यानंतर पन्नास वर्षे जवळजवळ बंदच राहिली. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘द क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने लिहिले, की उत्तम गुणांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला कोणीच घेतले नाही, आणि मंडळातल्या मुली तयार असताना माजी सभासद आड आल्या. गदारोळ झाला. विद्यापीठाच्या अध्यक्षा ज्युडी बॉनर यांनी फेऱ्या संपल्यानंतरही थेट निमंत्रण देण्याची मुभा मंडळांना द्यायला लावली, आणि काही मुलींना प्रवेश मिळाला. २०२० च्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनांनंतर अनेक मंडळांनी शिफारसपत्राची सक्ती आणि आई-आजीच्या नात्याची सवलत सोडली.

आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये टिकटॉकवर ‘बामा रश’ अवतरले. अलाबामा विद्यापीठाच्या गावातल्या, टस्कलूसातल्या, मुली रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहून अंगावरच्या वस्तू एकेक करून दाखवू लागल्या, आणि सोरॉरिटी कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हते असे लाखो लोक ते पाहत बसले. पूर्वी जे ज्ञान आईकडून मुलीकडे जाई ते असे उघड्यावर आले. अलाबामाच्या पदवी वर्गांतली निम्म्याहून अधिक मुले आता परराज्यांतली आहेत; त्यांच्या आयांना या जगाचा गंध नसला तरी मुलगी तयार होऊन येते. काही घरे तर सल्लागारांना हजारो डॉलर मोजून मुलीची तालीम करून घेतात. तालमीत काय? समोरची मुलगी पाच मिनिटांत बदलते, तिच्या जागी दुसरी येऊन बसते, तेव्हा बोलण्याचा धागा न तोडणे. मुलगे, मद्य, धर्म, राजकारण आणि पैसा हे पाच विषय न काढणे. दार उघडताच चौकटीत थरावर थर रचून टाळ्या पिटत गाणाऱ्या मुलींसमोर न दचकणे. दाराबाहेर ठेवायच्या पिशवीत हातपंखा, बँड-एड, डिओडरंट, घाम टिपायचे कागद, चालायच्या चपला. कारण अलाबामाच्या ऑगस्टमध्ये एका घराहून दुसऱ्या घरी पायीच जायचे असते. शेवटच्या दिवशी ब्रायंट-डेनी फुटबॉल स्टेडियममध्ये हजारो मुली एकाच वेळी लिफाफे फोडतात आणि ज्या मंडळाची ‘बिड’ (प्रवेशाचे निमंत्रण) मिळाली त्याच्या घराकडे अक्षरशः धावत सुटतात.

आपल्याकडून गेलेल्या घरांतल्या मुलींपुढे आता आणखी एक वाट आहे. १९९८ या एकाच वर्षात ऑस्टिनला ‘कॅपा फाय गॅमा’, ह्यूस्टनला ‘डेल्टा फाय ओमेगा’ आणि न्यूयॉर्कला ‘सिग्मा सिग्मा ऱ्हो’ अशा तीन दक्षिण आशियाई सोरॉरिट्या निघाल्या. मोठी मंडळे या मुलींना बंद नव्हती, पण तिथे दिवाळी कोण साजरी करणार, हा प्रश्न होताच. या दक्षिण आशियाई मंडळांचा रश सहसा वर्ग सुरू झाल्यावर असतो, संख्या लहान असते आणि कपड्यांचा थाट बेताचा. मात्र पॅनहेलेनिकची बिड सही करून स्वीकारली की ती मुलगी त्या मंडळाशी बांधली जाते आणि सहसा दुसऱ्या सोरॉरिटीत जाता येत नाही. त्यामुळे न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून टस्कलूसाला निघालेल्या मराठी मुलीला ऑगस्टच्या आठवड्यात धावायचे, की सप्टेंबरपर्यंत थांबायचे, हे बहुधा सामान भरतानाच ठरवावे लागते.